कोल्ह्याला सुई कोणी टोचली?

प्रयोगशाळेत तिला सगळे अक्षरमावशी म्हणत. कुत्र्यांना डिस्टेंपर हा जीवघेणा ताप आणणाऱ्या विषाणूच्या जनुकांतली अक्षरं ती वाचायची. अक्षरं चारच. पण तीन-तीनच्या घासांनी वाचत गेलं की त्यातून घडणारं प्रथिन डोळ्यांपुढे उभं राहतं. पेशीचं दार उघडणारं एक प्रथिन असतं. त्याच्या अक्षरांवरून विषाणू रानातला की लशीतला, माणसाळवलेला, हे कळतं. अकरा वर्षं ती हे करत होती, आणि मान ताठ ठेवून करत होती.

कुत्र्यांच्या आसऱ्यात नुकतीच लस टोचलेली पाच कुत्री मेली, तेव्हा नमुने तिच्याकडेच आले. तिथे लस टोचायचे तिच्या ताईचे यजमान, भावजी. अक्षरं लशीतल्या विषाणूशी तंतोतंत जुळली. लशीनेच घात केला, असं तिने लिहून दिलं. भावजींचं काम गेलं, लस टोचणं थांबलं. "घरच्या माणसालाही सोडलं नाही हो!" लोक म्हणाले, आणि ते तिला गोड लागलं. ताईने बोलणं टाकलं.

दोन महिन्यांनी जंगलाच्या कडेला मेलेल्या एका कोल्ह्याचा नमुना आला. पुन्हा तीच अक्षरं. कागद बघून साहेब हसले.

"काय मावशी, हा कोल्हा रांगेत उभा राहिला होता का? ह्याला सुई कोणी टोचली?"

ती तडक आपल्या टेबलापाशी गेली.

दर खेपेला नमुन्यांच्या जोडीला नुसत्या पाण्याची एक नळी लावायची असते. तिच्यात विषाणू दिसला तर समजायचं, ही घाण आपल्याच हातची. इतकी वर्षं ती नळी कोरीच निघायची, म्हणून मागच्या वर्षापासून तिने ती लावणंच सोडलं होतं. आणि तुलनेसाठी ठेवलेली लशीतल्या विषाणूची कुपी तर रोज त्याच टेबलावर उघडायची.

तिने पाण्याची नळी लावली. पाण्यातही लशीचा विषाणू निघाला.

पाचही कुत्र्यांचे उरलेले नमुने गोठवून ठेवलेले होते. दुसऱ्या खोलीत, कोऱ्या साहित्याने तिने ते पुन्हा तपासले. आता अक्षरं जागोजागी वेगळी निघाली. विषाणू रानातला होता; लस अंगी लागण्याआधीच त्याने कुत्र्यांना गाठलं होतं. भावजींच्या लशीचा त्यात काही दोष नव्हता.

साहेबांपुढे तिने चूक लिहून दिली आणि तो कागद घेऊन ताईचं घर गाठलं.

"आज कुणाला खाली बघायला लावायला आलात, बाईसाहेब?" दार अडवून ताई म्हणाली.

मागे भावजी बसले होते. तिने कागद पुढे केला, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"वाचणारी तू. तूच वाच. आणि जरा मोठ्याने, शेजाऱ्यांना जाऊ दे ऐकू. मागचंही त्यांनी ऐकलंच होतं."

ती दारातच उभी राहून वाचू लागली. हजारो अक्षरं एका दमात वाचणारी बाई 'चूक माझी' एवढ्यावर तीनदा अडखळली. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. कान तापले, तरी तिने शेवटपर्यंत वाचलं.

तिने कागदाची घडी घातली. मग भावजींनी कोपऱ्यातली लशीची पेटी ओढली आणि फडक्याने तिच्यावरची धूळ पुसू लागले.

"आसऱ्यात निरोप दे, उद्या येतो म्हणावं. टोचायची किती आहेत?"

"एकोणीस उरलीत," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

पुसणारा हात थांबला.

"मी निघालो तेव्हा एकतीस होती."