फूफीचा होकार आणि उस्मानपुऱ्यातलं वायफाय

तौफिक कन्नडचा. बापानं जन्मभर घाटात जीप चालवली. तौफिक शहरात आला तो केबलसाठी चर खोदायला. मुरूम फोडून हाताला घट्टे पडले, मग तो शिडीवर चढला, मग वायरीच्या टोकाला प्लग बसवायला शिकला, आणि शेवटी ज्या डब्यातून वायफाय निघतं तो डबा बसवायला. मधली एकही पायरी त्यानं गाळली नव्हती.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात तो आफरीनवर मरत होता. 'मरत होता' हे त्याच्या आईचे शब्द. आफरीन उस्मानपुऱ्यात एका मेडिकलवर कामाला. तिथलं वायफाय बसवायला तौफिक गेला. काम तासाभराचं होतं, ते त्यानं दिवस मावळेपर्यंत पुरवलं. कामात त्यानं तोवर केलेली लबाडी तेवढी एकच.

मागणी गेली. आफरीनचे वडील कमरोद्दीन वाळूजच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"माझी आपा, थोरली बहीण, हैदराबादला असते," ते म्हणाले. "तिनं पोरगा बघितल्याबिगर आमच्या घरात एक लग्न झालं नाय. तिचे गुडघे गेलेत, ती काय येत नाय. शुक्रवारी जुम्म्यानंतर व्हिडिओवर बघंल. ती हो म्हणली तर हो."

अडचण एकच होती. शेजारी नवी उंच बिल्डिंग उठल्यापासून कमरोद्दीनच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात मोबाइलला रेंज येत नव्हती.

"वायफाय तूच बसव," कमरोद्दीन म्हणाले. "बघू, हाताला वळण हाय का."

म्हणजे आफरीनच्या फूफीनं, आत्यानं, पोरगा बघायचा, आणि पोरानं स्वतःला दाखवायची सोय स्वतःच करायची. तौफिकला हसावं की घाबरावं कळेना. त्यानं दोन्ही केलं.

बुधवारी तो डबा घेऊन आला. त्याला तो पॅसेजमध्ये छताजवळ लावायचा होता. कमरोद्दीननं ड्रिलकडे बघितलं.

"भोक नाय पाडायचं. रंग नवा हाय. त्या कोनाड्यात ठेव."

कोनाड्यासमोर लोखंडी स्टँडवर पाण्याचे निळे ड्रम ओळीनं उभे होते. नव्या पाइपलाइनीसाठी गल्ली खोदून ठेवलेली, नळाला पाणी नाही, टँकर आलेला नाही. ड्रम ठणठणीत कोरडे. तौफिकनं मागून वायर घेतली, हातभर जास्तीची गुंडाळून ठेवली, आणि डबा कोनाड्यात बसवला. मग मोबाइलवर सेटिंग उघडलं.

"आधी हा डब्यावर छापलेला पासवर्ड बदलायचा, चाचा. तो ठेवला तर कुलपालाच चावी बांधल्यासारखं."

"हौ."

"वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरांना वेगळं नेटवर्क. त्यांना नेट मिळंल, पण तुमच्या दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचणार नाय. आणि हे बटण दाबून जोडायचं प्रकरण बंद. हिथूनच लोक घुसतात."

कमरोद्दीन खाली वाकून प्रत्येक गोष्ट बघत होते. वाकून बघणारा माणूस कामाची कदर करतो, एवढं तौफिकला ठाऊक होतं. त्यानं नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला.

"हा कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगतो?" कमरोद्दीन म्हणाले. मग गच्चीवर मिरच्या वाळत घालणाऱ्या बायकोला त्यांनी जिन्यातून हाक मारली, "बिल्किस! पासवर्ड ऐक! के मोठा! मग ए! मग एम!"

सगळा पासवर्ड त्यांनी तसाच ओरडून वर चढवला. समोरच्या खिडकीतून शेजारच्या आवडाबाईंनी विचारलं, "भाईजान, शेवटी सात का नऊ?"

तौफिकनं लगेच दुसरा पासवर्ड टाकला आणि चाचांच्या कानात सांगितला. हॉलमध्ये जाऊन रेंज बघितली. फुल्ल.

शुक्रवारी सकाळी टँकर आला. घरात जे जे भरता येईल ते सगळं भरलं गेलं. जुम्म्यानंतर तौफिक इस्त्रीचा शर्ट घालून आईला घेऊन आला. हॉलमध्ये टेबलावर फोन उभा केला होता. आफरीन स्वयंपाकघराच्या दारात.

फोनवर रेंज नव्हती. एक काडी यायची, जायची.

"आवडाबाई!" कमरोद्दीन खिडकीतून ओरडले. "आमचं नेट वढू नका!"

"मी काय वढते? नवा पासवर्ड तर मला सांगितलासुदिक नाय!" आवडाबाई खरोखर रुसल्या होत्या.

तौफिकनं पॅसेजमध्ये जाऊन तिसरा पासवर्ड टाकला. हॉलमध्ये आला. तेच. आईनं कपाळाला हात लावला. कमरोद्दीननं घड्याळाकडे बघितलं. फूफीनं एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारायची सोय नव्हती, आणि ताटकळत बसवलं तर ती नाहीच म्हणणार होती.

तो फोन घेऊन परत पॅसेजमध्ये शिरला. कोनाड्यापाशी रेंज फुल्ल. ड्रमच्या अलीकडे एक पाऊल, गायब. पलीकडे, फुल्ल. अलीकडे, गायब. तो पुढं-मागं असा नाचायला लागला की आफरीन तोंडावर ओढणी धरून हसली. मग त्यानं ड्रमवर थाप मारली. बुधवारी तो ढम्म वाजला असता. आज थप्प वाजला.

"पाणी!" तौफिक ओरडला.

बिल्किसखालांनी ग्लास भरून आणला.

"प्यायला नाय, खाला! ड्रम भरलेत! पाण्यातून वायफाय जात नाय. मी कोरड्या ड्रमवर तपासलं, गाढव मी!"

"मग सरकव ड्रम," कमरोद्दीन म्हणाले. "पण थेंब सांडला तर रिश्ता इसर."

भरलेला ड्रम सरकत नसतो. तौफिकनं डबा कोनाड्यातून काढला, गुंडाळलेली वायर सोडली, स्टुलावर चढला आणि डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, ड्रमांच्या वर.

आफरीननं फोन परत हॉलमध्ये नेऊन लावला, आणि त्यात फूफी उमटली. चष्मा, पान, आणि अर्धं कपाळ.

"अस्सलाम आलेकुम. लडका किधर है?"

आफरीननं फोन पॅसेजकडे फिरवला.

"ये लडका है? सर पे क्या उठाया?"

"वायफाय, फूफी."

"मेरे कू सलाम तो करने दो उसकू!"

तौफिक सलाम करायला वाकला. फूफी तोंड उघडं ठेवून थिजली.

"वर कर! वर कर!" सगळं घर ओरडलं.

त्यानं डबा वर केला. फूफी हलली. "...क्या बोल रई थी मैं? काम क्या करता?"

त्यानं उत्तर द्यायला मान वळवली, हात खाली आले, फूफी पुन्हा थिजली. "वर!" आवडाबाईसुद्धा खिडकीतून ओरडत होत्या. तौफिकचे खांदे पेटले होते. त्यानं डबा छताला टेकवला आणि श्वास रोखून धरला.

"लडका मेरे कू..." फूफी म्हणाली, आणि डबा तौफिकच्या हातांसकट खाली आला.

चित्र थांबलं. घर थांबलं. कमरोद्दीन उठले, पॅसेजमध्ये आले आणि तौफिकच्या दोन्ही कोपरांना खालून आपले हात लावले. फिटरचे हात, हलले नाहीत.

"...पसंद है, कबसे बोल रई मैं! तुम लोगां सुनतेच नै! तारीख पकडो!"

तारीख ठरेपर्यंत दोघं तसेच उभे होते. बिल्किसखाला हैदराबादच्या कुणाकुणाची खुशाली विचारत होत्या, त्याला अंत नव्हता. एक थेंब सांडला नाही.

फोन बंद झाल्यावर कमरोद्दीननं स्वतः ड्रिल आणून दिलं.

"भोक पाड. वर, छताजवळ. रंगाचं मी बघतो. आणि ड्रम भरलेले असतानाच तपास."

तौफिकनं तपासलं. हॉलमध्ये फुल्ल, गच्चीवरही फुल्ल. आफरीन बिल्किसखालांचा तोच ग्लास घेऊन आली.

"हात दुखले का?"

"नाय," तौफिक म्हणाला. कामातली त्याची ही दुसरी लबाडी. ग्लास त्याला एका हातानं धरवेना.

"मग आता पासवर्ड काय हाय?" तिनं हळूच विचारलं.

समोरच्या खिडकीचा पडदा हलला.