शेरीफच्या बायकोचा मक्याचा पाव

शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला डेलमार, जिंकला डेलमार, आणि चूल पडली त्याच्या बायकोच्या, आर्डिथच्या गळ्यात! अमेरिकेतल्या त्या हॅडली काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, रीतच तशी. तुरुंगाच्या विटांच्या इमारतीत पुढं शेरीफचं, म्हणजे पोलीसप्रमुखाचं, बिऱ्हाड, मागं कोठड्या, मध्ये स्वयंपाकघर. कैद्यांचं रांधायचं ते शेरीफच्या बायकोनं. तिला विचारलं कुणी? काउंटीनं नाही आणि नवऱ्यानंही नाही.

मुळात आर्डिथला स्वयंपाकाचा भारी कंटाळा. माहेरी ती ट्रॅक्टर चालवायची. पण डेलमार एकामागून एक निवडणुका जिंकत गेला आणि ती बीन्स शिजवत गेली, मक्याचे पाव भाजत गेली, भिंतीतल्या झरोक्यातून ताटं सरकवत गेली. ताटं परत यायची ती चाटूनपुसून लख्ख. त्यावरून गावात बोलबाला झाला, की थंडी पडली की दारुडे मुद्दाम पकडून घेतात, आर्डिथच्या हातचं खायला! ती मनात म्हणायची, मेल्यांनो, एकदा तरी टाकून द्या रे, म्हणजे मी सुटेन. डेलमार मात्र कधी बरं म्हणाला नाही की वाईट म्हणाला नाही. तो वारला, पण तिच्या मनातली त्याच्याबद्दलची अढी काही गेली नाही.

अलीकडे काउंटीनं तो जुना तुरुंग पाडायचा घाट घातला. गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष लॉर्नानं सारं गाव उठवून तो वाचवला आणि तिथं संग्रहालय केलं. चांगलंच केलं म्हणा. पण उद्घाटनाच्या दिवशी तिनं म्हाताऱ्या आर्डिथला ॲप्रन बांधून त्याच चुलीपुढं उभं केलं.

"आर्डिथबाई, आता दर शनिवारी तुम्ही इथं पाव भाजायचे बरं का! लोक लांबून येतील. नाही म्हणायचं नाही हं!"

आर्डिथच्या मनात आलं, या वयात पुन्हा तीच शिक्षा! पण नाही म्हणावं कसं? अख्खं गाव हातात बशा घेऊन कौतुकानं बघत होतं.

तेवढ्यात व्हर्जिल स्ट्राउडनं पावाचा लचका तोडला. तरुणपणी दारूपायी याच कोठडीत त्याच्या किती वाऱ्या झाल्या होत्या! तो खो खो हसायलाच लागला.

"अरे देवा, अजून तश्शीच चव! यापेक्षा भिंतीतली वीट मऊ असेल!"

"व्हर्जिल! जनाची नाही तर मनाची तरी!" लॉर्ना कडाडली.

"खोटं कशाला बोलू? आम्ही यायचो ते शेगडीच्या उबेला. या पावासाठी कोण येतंय!"

आर्डिथनं विचारलं, "मग ताटं कशी रे लख्ख यायची?"

"शेरीफचा दम होता, बाई! आत ढकलताना दर वेळी सांगायचा, 'ताटात कण उरला तर माझ्याशी गाठ आहे. निवडून मी आलोय, ती नाही. तरी तुमच्यासाठी राबतेय.'"

आर्डिथ मटकन स्टुलावर बसली. "मेला! मला मात्र एका शब्दानं बोलला नाही," म्हणत ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. किती हलकं वाटलं तिला! मग तिनं ॲप्रन सोडला आणि लॉर्नाच्या गळ्यात अडकवला.

"हे घे. मी कधी निवडणुकीला उभी राहिले नव्हते. तू तर मंडळाची निवडून आलेली अध्यक्ष! दर शनिवारी भाज खुशाल."

बाहेर येऊन तिनं हुश्श केलं, आणि कित्येक वर्षांनी डेलमारच्या नावानं बोटं न मोडता घरी गेली.