कागदावरची तापलेली जागा

आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. नवस, अंगारा, भूतखेत... काही चालत नाही. दिघीत आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं, तर मी उठून घरी येतो. तरी हे लिहितोय. गप्प बसून दमलो आता. शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर चुकलं.

भोसरीच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं मेन्टेनन्स फिटर होतो. चालू मशीनच्या बेअरिंगवर बाहेरून पंजा ठेवायचा आणि कुठं तापतंय ते सांगायचं. तापल्या जागेभोवती पेन्सिलीनं गोल करून ठेवायचा, म्हणजे पुढच्या शिफ्टला शोधाशोध नको. साहेब मीटर नंतर लावायचे, आधी मला विचारायचे.

माझी नात – तिला प्रज्ञा म्हणू, खरं नाव वेगळं – पीएचडी करते. काही आकाशगंगांच्या पोटात म्हणे कृष्णविवर असतं आणि दोन्ही अंगांनी फवारे सुटतात. रेडिओ दुर्बिणीला ते फवारे दिसतात. क्ष-किरणांची दुर्बीण वर अवकाशात फिरते, तिला तापलेला वायू दिसतो. प्रज्ञाच्या आकाशगंगेचा रेडिओ फोटो झकास आला, पण क्ष-किरणांत काहीच सापडेना. महिनाभरात सापडलं नाही तर विषय सोड, असं तिच्या सरांनी सांगितलेलं. चार वर्षं पाण्यात! पोरगी जेवेना.

एका रविवारी दुपारी तिनं त्या रेडिओ फोटोचा मोठा प्रिंट टेबलावर पसरला. पंख्यानं उडत होता म्हणून मी पंजा ठेवला... आणि हाताला गरम लागलं. भाजलं नाही. चार तास चाललेलं बेअरिंग लागतं, तसं. डाव्या फवाऱ्याच्या पुढं, अगदी कोऱ्या जागेत. हात सरकवला – गार. परत ठेवला – गरम. ऊन नव्हतं. टेबलाखालून चाचपलं, काही नाही. सवयीनं पेन्सिल काढली आणि गोल केला.

"आबा! हे काय केलंत? उद्या सरांना दाखवायचाय तो!"

"तापतंय हितं."

"कागद?"

"कागद न्हाई गं. तिथलं."

"आता आकाशगंगेला ग्रीस मारणार का आबा?"

सूनबाई फिसकन हसली. मी तडकलो. "एकतीस वर्षांत माझा गोल एकदा तरी चुकलाय का, इचार कुणालाबी!"

मला खोटं पाडायलाच तिनं ती जागा तपासली. जुनी-नवी सगळी क्ष-किरणांची निरीक्षणं एकत्र करून तेवढाच तुकडा मोजला. आठवड्यानं चपला न काढता घरात आली.

"आबा, आहे तिथं."

फार फिकट, पण आहे. फवारा पुढचा वायू रेटतो, तो तापतो. विषय वाचला. पोरीच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता.

मग आम्ही परीक्षा घेतली, आमच्या घराला शोभेल अशी. तापलेला वायू आधीच सापडलेल्या दुसऱ्या आकाशगंगांचे दहा प्रिंट, नावं झाकून. माझ्या हाताला एकही तापला नाही. तो पहिला कागदही गार पडलेला.

नेमकं तिथंच का बघितलंस, असं सरांनी विचारलं. ती "अंदाज" म्हणाली. मला सांगताना मान खाली.

"ब्येस केलंस," मी म्हणालो. "आज्याचा हात लिवला असतास तर मीच नापास केलं असतं तुला."

मनाला लागलं, खोटं कशाला बोलू.

प्रबंध जमा झालाय. त्यात एक ओळ आहे – ही जागा अंदाजानं निवडली. ती ओळ खरी नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. तिच्या जागी खरं काय लिहायचं, ते तिला येत नाही. मलाही नाही.