पक्ष्याच्या पोटातली टिकली

आमच्या शेजारच्या ताई किनाऱ्यावर मरून पडलेल्या समुद्रपक्ष्यांची पोटं तपासतात, कुणी किती प्लास्टिक गिळलंय ते पाहायला. जेवतानाही हटकून त्याच गप्पा, त्यामुळे त्यांच्याजवळ ताट घेऊन कुणी बसत नाही. परवा मी ओट्यावर साडीला टिकल्या लावत होते. त्या येऊन म्हणाल्या, "वहिनी, आज एका पक्ष्याच्या पोटात अशीच निळी टिकली निघाली."

"माझीच कशावरून? सुरतेत घरोघरी हेच काम चालतं."

"तुमची कुठं म्हटलं मी? पण ओट्याखालची ही गटार तापीला मिळते, अन् तापी समुद्राला," म्हणत त्या उकिडव्या बसल्या आणि पर्समधल्या चिमट्यानं गटारीतल्या टिकल्या वेचू लागल्या. तो चिमटा कुठला, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. मी उठले आणि ओट्यावर जुनी चादर अंथरली.