ओरिजिनल परत हवेत!

कुठल्याही लग्नात पंगतीला बसले की शेजारची बाई म्हणणार, "तुमच्या कॉलेजचा एखादा किस्सा सांगा ना!" एखादा? अहो, नाशिकजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी चौदा वर्षं ॲडमिशनच्या टेबलावर बसतेय. किस्से रोज येऊन पडतात!

आमच्याकडे प्रवेश घेतला की दहावी-बारावीचे मूळ कागद आमच्या कपाटात राहतात. कोणी "ओरिजिनल परत हवेत" म्हणालं, की समजायचं, एक मुलगी गळाली. कागद घेऊन गेलेली मुलगी परत शिकायला आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून कारण विचारल्याशिवाय मी कपाट उघडत नाही. आणि सांगितलेलं कारण तर मुळीच खरं धरत नाही. स्वभाव संशयी आहे माझा. नवऱ्याने आपणहून चहा करून दिला, तरी मी विचारते, "काय झालं?"

*

निफाडकडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. निकाल विचारला नाही, नोकरीचं विचारलं नाही. थेट, "होस्टेलची भिंत केवढी हाय?"

"का हो?"

"नाय, सहज."

सहज कोणी भिंत विचारतं? मी मेट्रनबाईंना सांगून ठेवलं, या मुलीवर लक्ष ठेवा.

मुलगी वर्षभर शहाण्यासारखी राहिली. भिंत चढताना सापडली ती आई! भेटीची वेळ संपली होती आणि डब्यात शेवभाजी होती.

*

नाशिक रोडचा एक मुलगा होता. दंड असे, की युनिफॉर्मची बाही उसवायची. इंजेक्शनची प्रॅक्टिस रबरी हातावर असते. सुई रबरात गेली आणि हा धाडकन खाली! तीन मुलींनी उचलून खाटेवर टाकला.

दुसऱ्या दिवशी अर्ज. 'घरी शेतीचे काम असल्याने शिक्षण सोडत आहे.'

"शेती कुठे रे तुमची?"

"घ्यायची आहे, मॅडम."

*

एकीने कारण लिहिलं, प्रकृती. डॉक्टरचं सर्टिफिकेटसुद्धा जोडलेलं. मला तेव्हाच शंका आली होती. दोन महिन्यांनी पंचवटीत भाजी घ्यायला गेले, तर ही झेंडूच्या ढिगामागे उभी राहून खणखणीत आवाजात गिऱ्हाइकं बोलावतेय.

"काय गं, प्रकृती कशी आहे?"

"वॉर्डात उभं राहून पाय सुजायचे, मॅडम."

"इथे काय बसून आहेस?"

"इथे कोणी चुटकी वाजवून बोलवत नाही."

मी गुपचूप अर्धा किलो झेंडू घेतला. घरी काही कार्यक्रम नव्हता. फार वाईट वाटलं मला.

*

नर्सिंग कौन्सिलची तपासणी जवळ आली की आमच्या संस्थाचालकांना सोडून गेलेल्या मुलींची फार आठवण येते. एकदा तर पट भरलेला दिसावा म्हणून अशा चौघींना एका दिवसापुरतं युनिफॉर्म घालून वर्गात बसवलं. मी म्हटलं, "साहेब, अंगाशी येईल."

"तुम्हाला सगळ्यातच संशय!"

तपासणीच्या सरांनी नेमकं त्यातल्याच एकीला उभं केलं. "काय बेटा, आवडतं का कॉलेज?"

"आवडलं असतं तर सोडलं असतं का, सर?"

*

आणि यमुना. पेठ तालुक्यातली, सेकंड इयरची. हात इतका हलका, की पेशंट अडून बसायचे, सुई हिच्याकडूनच टोचून घेणार.

एके दिवशी तिचे वडील आले. बरोबर थोरले चुलते. वडिलांनी आल्या आल्या टेबलावर हात आपटला. "पोरीचं लगीन ठरलंय. कागदं द्या!"

"यमुनाला विचारलंत का?"

"तिला काय इचारायचं?" हे चुलते.

मी सरळ खोटं बोलले. कागद विद्यापीठात पडताळणीला गेलेत. पुढच्या महिन्यात पुन्हा दोघे हजर, पुन्हा टेबलावर हात. मी म्हटलं, प्रिन्सिपॉल मॅडम रजेवर आहेत. तिसऱ्या वेळी कपाटाची किल्ली हरवली. किल्ली माझ्या पर्समध्ये होती! या बापाचा मला भयंकर राग यायचा. एवढी घाई कशाची? स्थळाकडून काही घेतलंय की काय? दर खेपेला त्याचा आवाज वाढायचा आणि माझा संशयही.

चौथ्या वेळी माझ्याकडे सबब उरली नाही. चुलते फोन आला म्हणून व्हरांड्यात गेले. मी कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि वडिलांपुढे टाकलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. "घ्या! एका चांगल्या नर्सचं वाटोळं करा!"

त्यांनी व्हरांड्यातल्या भावाकडे एकदा पाहिलं. मग हळूच पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"आत ठेवा, मॅडम. कुलूप लावा."

मी पाकीट आत ठेवून किल्ली फिरवली. त्यांनी दाराकडे तोंड केलं, टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "चौथी खेप हाय ही! अजून किती हेलपाटे मारायचे आम्ही?"