टाका की बेडकाची उडी

आमच्या गोधडी मंडळातल्या विमलकाकूंची नजर इतकी तीक्ष्ण, की नुसतं पाहिलं तरी कापडाला भोक पडतं. परवा कडाक्याच्या थंडीत मंदाने आयुष्यातली पहिली गोधडी आणली, लेकीच्या बाळासाठी शिवलेली. काकूंनी ती मांडीवर ओढली आणि उलटी करून टाके तपासायला घेतले.

"अगं, हा टाका आहे की बेडकाची उडी? सगळी उसव बाई, पुन्हा घाल!"

मंदाचं तोंड एवढंसं झालं. तिने कात्री काढली.

ही खोट काढणारी जमात स्वर्गात गेली, तरी आधी ढगांची शिवण उलटून बघेल. स्वतः सुईत दोरा ओवणार नाहीत, पण इंद्रधनुष्याचे रंग विटके म्हणून देवाला परत करतील. ऊब ही चीज यांच्या हिशेबातच नसते.

"द्या काकू, उसवते," मंदा म्हणाली.

तोवर गोधडी काकूंच्या गळ्यापर्यंत पोचली होती. "थांब गं, घाई काय? आत्ता कुठे पाय गरम झालेत!"

मंदा खुदकन हसली. कात्री डब्यात टाकून तिने लेकीला फोन लावला, "गोधडी झाली गं!"