जोडा फुटू नये म्हणून
सध्या रविवारची उपासना संपली की आमच्या चर्चच्या हॉलमध्ये जुन्या बुटांचा ढीग पडतो. सरहद्दीपलीकडच्या लढाईतून जीव घेऊन पळालेल्या लोकांच्या छावणीत एक ख्रिस्ती संस्था ते पोचवते. मंडळीतल्या बायका बूट निवडतात. मी खुर्चीत बसून बघतो.

मार्थाबाई ढिगातून डावा-उजवा शोधतात आणि दोन्हींच्या नाड्या एकमेकींत बांधतात. नाडी नसली तर लुगड्याची चिंधी. गाठ ओढून बघतात.

"वाटेत जोडा फुटला की दोन्ही फुकट," असं त्या म्हणतात.

पायातल्या वस्तूला आणि नवरा-बायकोला आपल्या भाषेनं एकच शब्द का दिला, कोण जाणे. दोघांनी बरोबरीनं चालायचं असतं, म्हणून असेल. छावणीतली माणसं घरातून निघाली तेव्हा अशी गाठ मारायला कुणाला सवड मिळाली असेल? अर्थात, हे बसल्या जागचे विचार. विचारांनी कुणाचे पाय झाकले जात नाहीत.

परवा ढिगाच्या तळाशी एकच बूट उरला. डाव्या पायाचा, जवळजवळ नवा. सगळीकडे शोधलं, पण उजवा सापडला नाही.

"टाकून देऊ," मी तो उचलत म्हटलं. "एकटा काय कामाचा?"

मार्थाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि पोत्यात घातला.

"लढाईतून आलीत ना ती माणसं?" त्या म्हणाल्या. "मग एकच लागणारं कुणीतरी असेल."